सव्वा मूठ गहू

तळोद्याच्या बाजारपेठेतून आत वळणाऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर आहे. पुढची खोली म्हणजे माझं ब्लाउज शिवायचं दुकान. मागची खोली म्हणजे बाकी सगळं: स्वयंपाक, झोप, अभ्यास आणि आम्हा मायलेकींची भांडणं. लेक तीन वर्षांची असताना मी नवऱ्यापासून वेगळी झाले आणि रीतसर घटस्फोट घेतला. त्याने पुढे दुसरं लग्न केलं, दुसऱ्या गावी संसार मांडला, आणि लेकीची चौकशी हळूहळू बंद केली. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहावं असं मला वाटत नाही. त्यालाही वाटणार नाही.

बाजाराच्या दिवशी दुकानात बायका जमल्या की माप देता देता कुणीतरी माझ्या लेकीकडे बघते आणि आवाज खाली आणून विचारते, "बापाविना पोर, परिणाम होत असेल ना हो तिच्यावर?" तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून त्या बायका वाचतात.

परिणाम होतो की. नाही कशाला म्हणू? माझी लेक सातव्या वर्षी हुक लावायला शिकली. आठव्या वर्षी ती गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा सफाईने सांगायची, "ताई, फक्त काज करायचं राहिलंय," आणि कापड अजून गाठोड्यातून बाहेरही निघालेलं नसायचं. गॅस संपत आला की तिला वासावरून कळतं. आणि मी चिडलेली असले की ती माझ्याशी न बोलता माझ्या शिलाई मशीनशी बोलते. "आज तुन्ही मालकीणनं काही खरं नही," असं ती मशीनला सांगते आणि मग मला हसावंच लागतं. हे परिणाम त्या बायकांना हवे असलेले नसतात, हे मला ठाऊक आहे.

पण एक परिणाम असा झाला की माझीही झोप उडाली. तो बापामुळे झाला नव्हता. तो एका पोळीमुळे झाला.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, चौरंगावर बसवायची, बायकांनी गाणी म्हणायची, फुगड्या घालायच्या आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोहोचवायची. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. आमच्या घराण्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. ते गहू दळून त्या पिठाच्या पुरणपोळ्या होतात, उरलेल्या पिठाच्या साध्या पोळ्या, आणि हे सगळं फक्त भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्या माणसाला रोटाचा तुकडाही चालत नाही. उरलं तर घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचं. लग्न झालेली लेक नवऱ्याच्या कुळात गेली, म्हणजे तिलाही माहेरचे रोट नाहीत.

माझं माहेर सारंगखेड्याच्या बाजूला, तापीकाठच्या गावात. केळी, कापूस, बैल, दोन म्हशी, आणि माझे आबा, म्हणजे वडील. सगळा गाव त्यांना आबाच म्हणतो. लेक आठ वर्षांची असताना कानबाईला आम्ही दोघी तिकडे गेलो होतो. पंगत बसली. माझी वहिनी फार मायाळू आहे, हे आधीच सांगून ठेवते. तिने आठवणीने आमच्या दोघींसाठी वेगळ्या कणकेच्या पुरणपोळ्या केल्या होत्या आणि वर तूपही जास्त वाढलं होतं. पण माझ्या लेकीची नजर शिंपिणीच्या लेकीची. कापडाच्या दोन तुकड्यांतला फरक तिला लांबून कळतो, तिथे पोळीची काय कथा?

"मामी, मन्ही पोळी येगळी काबर शे?"

"तू पाव्हणी शे ना बेटा," वहिनी म्हणाली.

लेकीने ती पोळी खाल्ली, ताट स्वच्छ केलं, उठून हात धुतले. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून तिने विचारलं, "आई, पाव्हणी तं जेवण करीसन आपला घर जास. मंग आपला रोट कोना घर ऱ्हातस?"

मी म्हटलं, बघू. आईकडे उत्तर नसलं की 'बघू' असतं.

त्यानंतर ती आजोळी जायचं नाव काढेना. दिवाळीला पोट दुखलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले गेले तेव्हा डोकं दुखलं. शाळेत बाई म्हणाल्या, हल्ली डबा तसाच परत नेते, बाकावर कडेला बसते. गल्लीत मुली घरघर खेळायला बसल्या की ही आपणहून पाहुणी व्हायची. आई नाही, मुलगी नाही, पाहुणी. पाणी पिऊन झालं की "येते हं" म्हणायची आणि खेळातून उठून यायची. ते मी दुकानाच्या दारातून पाहिलं. बाप नसल्याचं दुःख कसं असतं ते मला माहीत नव्हतं, माझा बाप धडधाकट आहे. पण आपण कुठेच घरचे नाही, असं माझ्या पोरीला वाटू लागलं होतं, आणि ते मला मुळीच चालणार नव्हतं.

मग पुढचा श्रावण आला. मी ठरवलं, कानबाई आपल्या घरी बसवायची.

आबांना फोन केला. आबा दर बाजाराला तळोद्याला येतात, केळ्यांची फणी घेऊन दुकानात गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतात, नातीला जवळ घेतात, पण मागच्या खोलीत कधी पाऊल टाकत नाहीत आणि माझ्याकडे घासभरही खात नाहीत. लेकीच्या घरचं खायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. इथे जावई नाही, सासर नाही, खाणारी-पिणारी मी एकटी कमावती, तरी रीत ती रीत. चहासाठी ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जातात आणि नातीसाठी तिथूनच बिस्किटाचा पुडा आणतात.

"आबा, आमी औंदा कानबाई बसाडतस," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बाईमाणूसना नावनी मूठ नही टाकतस, बेटा."

"मंग ज्या घरमा पुरुषच नही, त्या घरनी काय करानं? उपाशी ऱ्हावानं?"

"तुले जे करानं ते कर," ते म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले की नाही, ते त्यांच्या आवाजावरून कधीच कळत नाही. मी मात्र रागावले होते. त्या दिवशी शिवलेल्या दोन ब्लाउजच्या बाह्या मला उसवाव्या लागल्या.

खाली आमच्या घरमालकीण मावशी राहतात. एकट्याच. त्यांचा मुलगा सुरतेला असतो, त्यांचे रोटही तिकडेच होतात, आणि मावशींचे गुडघे काही सुरतेपर्यंत जायला तयार नाहीत. मी त्यांना विचारलं, चालेल का हो? मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नळाला पाणी चालेल का असं विचारलं.

"कानबाई माय स्वतः बाई शे. ती बाईले नही म्हनी का?"

एवढ्या एका वाक्यावर आमची तयारी सुरू झाली. आणि खरं सांगते, देवीची इतकी हौस तळोद्यात दुसरीकडे कुठे झाली नसेल, कारण आमच्या घरात ब्लाउजपीसचं गाठोडं होतं. लेकीने साडीसाठी हिरवं, जरीकाठाचं कापड नको म्हटलं, जांभळं नको म्हटलं, शेवटी एका डाळिंबी तुकड्यावर तिचं मन बसलं. देवीचा ब्लाउज मी शिवला, लेकीने हुक लावले. नारळाला हुक कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाली, "पाठीमागून उघडा दिसला तर?" डोळे काढायचं काम तिचंच. काजळाचा हात जरा घसरला, एक डोळा मोठा आणि एक बारीक झाला, आणि आमची कानबाई कुणाकडे तरी बघून डोळा मारते आहे असं दिसू लागलं. मावशी म्हणाल्या, राहू दे, खुशीत दिसते.

मग गहू निवडून झाले आणि मुठी टाकायची वेळ आली. चौरंगापुढे सूप, बाजूला गव्हाचं पातेलं. मी आधी लेकीला म्हटलं, तुझी मूठ तूच टाक. तिने दोन्ही डोळे मिटले, मूठ भरली, स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं आणि गहू सुपात सोडले. मग सव्वा करायला आणखी चिमूटभर. मूठ एवढीशी, पण नाव इतकं ठणकावून घेतलं की मावशी पायरीवरून "हां!" म्हणाल्या.

मग मी माझी मूठ टाकली. आणि इथे घोटाळा झाला.

लहानपणी दर श्रावणात मी आईशेजारी सूप धरून बसायचे. आई एकेका पुरुषाचं नाव घेत मूठ टाकायची, आणि तिच्यामागून मी ती नावं म्हणायचे. शाळेतले पाढे मी विसरले असेन, पण तो क्रम नाही विसरले. डोळे मिटले, हात पातेल्यात गेला आणि तोंड आपोआप चालू झालं. आबांची मूठ. मोठ्या काकांची मूठ. धाकट्या काकांची मूठ. भावाची मूठ. भाच्याची मूठ. चुलतभावांची, त्यांच्या पोरांची... हातही भरतोय, तोंडही चालतंय, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी कुठे बसले आहे याचंच भान सुटलं. आईच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा कानात येत होता.

"आई," लेक म्हणाली, "इतला लोके कठे शेतस आपला घरमा?"

डोळे उघडले तर सूप शिगोशीग. अख्ख्या भाऊबंदकीचा गहू आणि खाणाऱ्या आम्ही दोघी.

मी परत पातेल्यात ओतायला गेले तर मावशी गुडघे विसरून वर चढल्या. "हात लावू नको! सूपमा पडनं ते देवीनं." मग त्या जरा विचारात पडल्या. "आणि त्यास्ना घर बी त्यास्नी मूठ पडनी व्हई ना? मंग ज्यानी मूठ दोन घर पडनी, त्यानी दोन्ही घर खावं पडी." हा नियम खरोखर कुठे आहे की मावशींनी तिथेच पायरीवर तयार केला, ते मला आजही माहीत नाही. पण त्यांनी तो अशा आवाजात सांगितला की पुढे बोलायची सोय नव्हती.

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणारी मी, माझ्याच घराचं माप चुकले होते.

रविवारी गल्लीतल्या बायका आल्या, गाणी झाली, फुगड्या झाल्या, मावशींनी खुर्चीत बसून टाळ्यांवरच हौस भागवली. सोमवारी सकाळी डोळा मारणारी देवी डोक्यावर घेऊन आम्ही तिला पोहोचवून आलो. लेक पुढे, मी मागे. इथपर्यंत सगळं छान झालं. आणि मग आम्ही घरी येऊन दळून आणलेल्या त्या पिठाकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. काय ती चव! दुसऱ्या दिवशी रोटाच्या पोळ्या आणि दूध. मग पोळ्या आणि गूळ. पोळ्या आणि वांग्याचं भरीत. कुस्करलेल्या पोळ्या, फोडणीच्या पोळ्या. डबा शाळेत नेता येईना, कारण मैत्रिणी डब्यात हात घालणार आणि त्या काही भाऊबंद नव्हेत. मावशींना वास जायचा, त्या खालून विचारायच्या, "संपनं का?" आणि आम्ही वरून ओरडायचो, "नही!" कणकेचा डबा रोज उघडून पाहावा तर तो तितकाच भरलेला. लेक सकाळी उठून आधी विचारायची, "आई, आज बी तेच?" पण गंमत अशी की ती खायची. तोंड वाकडं करून, हसत, माझ्याशी पैज लावून, पण खायची. शाळेतल्या बाईंना तिने सांगितलं म्हणे, "आमच्या घरचे रोट आहेत, संपवावे लागतात." 'आमच्या घरचे' हे शब्द बाईंनी मला सांगितले तेव्हा मी मान खाली घालून पिको करत राहिले. डोळे भरून आले होते, आणि सुई बोटात जायची भीती होती.

तरी मनात एक टोचत होतंच. आम्ही दोघींनीच बसवायची, दोघींनीच खायचं आणि दोघींनीच म्हणायचं की हे घर आहे. दुसऱ्या कुणी म्हटल्याशिवाय पोरीला ते किती दिवस पुरणार?

पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. दुकानात गर्दी, डोंगरातून आलेल्या बायका राखीपौर्णिमेच्या आत ब्लाउज मागत होत्या. एवढ्यात आबा आले. हातातल्या कापडी पिशवीत केळ्यांची फणी. ती त्यांनी काउंटरवर ठेवली, बाकावर जागा असूनही बसले नाहीत, आणि उभ्यानेच मला म्हणाले, "पोर फोनवर तिन्ही आजीले सांगी ऱ्हायनी व्हती. म्हने, मन्ही मूठ तुन्हा सूपमा पडनी. खरं शे का?"

लेकीने आजीकडे रडगाणं गायलं होतं, की आईने तुमच्या सगळ्यांच्या मुठी टाकल्या आणि खायला मात्र आम्ही दोघीच. मला पत्ताच नव्हता.

"खरं शे," मी म्हटलं. आता काय ऐकावं लागतंय म्हणून टेप गळ्यात घट्ट धरून उभी राहिले.

आबांनी चपला काढल्या. मशीनच्या बाजूने, कापडाच्या गाठोड्यावरून पाय टाकत, ते मागच्या खोलीत गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मंग वाढ."

दुकानातल्या बायका तशाच सोडून मी आत धावले. लेकीने ताट घेतलं, पाणी ठेवलं. आबांनी पहिला घास घेतला आणि आमच्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "मी पोरना घर जेवी नही ऱ्हायनू. मन्ही मूठना रोट खाई ऱ्हायनू."

"हो आबा," मी म्हटलं. जिना चढून आलेल्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की नियम त्यांचाच असावा अशी माझी खात्री झाली.

लेक त्यांच्या समोर उकिडवी बसून त्यांचा प्रत्येक घास मोजावा तशी बघत होती. शेवटी तिला राहवेना. "आबा, तुम्ही आमना रोट खाई लिन्हात. मंग तुम्ही आते आमना भाऊबंद व्हई ग्यात ना?"

आबांचा घास तोंडात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "व्हतूच व माय. कोनी वाढं नव्हतं."

मी तव्याकडे वळले. पोळी करपत होती, हे एक कारण झालं.

जेवण झाल्यावर त्यांनी पिठाचा डबा उघडायला लावला आणि आत पाहिलं. "तुन्हा भाऊन्ही मूठ बी यामाच शे ना? काकास्नी बी?" मग त्यांनी आपली केळ्यांची कापडी पिशवी झटकली आणि उरलेलं सगळं पीठ त्यात भरायला सांगितलं. ज्याची मूठ दोन घरी पडली त्याने दोन्हीकडचं खायला हवं, हे मावशींनी दारातून पुन्हा एकदा सांगितलं. आबांनी मान डोलावली. मी पिशवीचं तोंड दोऱ्याने शिवून दिलं. लेक पिशवीजवळ गेली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आबा, यामा मन्ही बी मूठ शे. सांडू नका."

आम्ही त्यांना एसटीत बसवायला गेलो. आबा सामान नेहमी सीटखाली सरकवतात. ती पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि गाडी सुटेपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. सगळे भाऊबंद जमले होते, रोट झाले, पंगत उठली. लेकीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"मामी, आमना पीठना पोळ्या कोनकोनले वाढ्यात?"

"सर्वास्ले, बेटा."

"येगळी पोळी कोनले व्हती का?"

"कोनलेच नही. पुढला वरीस तू ये, तुले बी याच वाढसू."

लेकीने फोन मला परत दिला. जरा वेळ ती मशीनच्या चाकाशी खेळत उभी राहिली. मग दोन्ही हात वर करून, आळस देऊन, मोकळ्या आवाजात म्हणाली, "चला, संपनात रोट. आई, आते खिचडी कर."

मी खिचडी टाकली. मला इतका आनंद झाला होता की डाळ धुवायची राहून गेली.